दुरुस्त गिअरपेटी आणि पुडींत उरलेले भाग

मोटारीचें एंजिन बिघडलें म्हणजे तें सर्व घराला कळतें. धूर निघतो, पाणी उकळतें, गाडी भर रस्त्यांत उभी राहते. गिअरपेटीचा स्वभाव तसा नाहीं. ती पुष्कळ दिवस कुरकुरते, सोसते, आणि अखेर जेव्हां ती उतरवून मिस्त्रीच्या स्वाधीन करावी लागते तेव्हां तिची दुरुस्ती हा एक मोठा खर्च होऊन बसतो. त्यामुळें पेटी परत आली कीं ती पुन्हां न्याहाळावी अशी कोणासच इच्छा उरत नाहीं. आजच्या भाषणांत मी श्रोत्यांना नेमकें तेंच करावयास सांगणार आहें. पेटी उघडावयास नव्हे. परंतु ती गाडीखालीं चढण्यापूर्वीं अर्धा तास तिच्याजवळ बसून, तिच्या अंगावर आणि तिच्यासोबत आलेल्या पुडींत जें जें अनोळखी दिसेल तें ओळखून घ्यावयास.

नभोवाणीवरून वस्तु दाखवितां येत नाहीं, म्हणून एक प्रसंग कल्पून घेऊं. सिंहगड रस्त्याच्या बाजूचें धायरी हें गांव २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. आज तेथें उंच इमारती आहेत, आणि नऱ्ह्याच्या अंगाला लहान कारखाने व गॅरेजेसहि आहेत. तेथील एका कुटुंबानें वडिलांच्या वेळची मारुती ८०० जपून ठेवली आहे असें समजा. सिंहगडाचा घाट उतरतांना तिचा तिसरा गिअर आपोआप सुटूं लागला, म्हणून पेटी दुरुस्तीला दिली. ती परत आली ती रुपेरी रंग लावून, अगदीं नव्यासारखी. परंतु नीट पाहिलें तों तिच्या अंगावर दोन तारा जोडण्याचें एक निराळ्याच घडणीचें बोंड दिसलें. दुसऱ्या बाजूला एक उंचवटा असा, कीं त्याला भोंकच पाडलेलें नाहीं. आणि वर्तमानपत्राच्या पुडींत एक पितळी कडें, एक पातळ चकती व नखाएवढ्या लांबीची एक पोलादी काडी. मिस्त्रीला विचारलें तर तो म्हणतो, "जुनें सामान असेल, टाकून द्या."

या पांच वस्तूंपैकीं बहुतेक निरुपद्रवी निघण्याचा संभव आहे. पण एक अशी आहे, कीं ती कोठली हें कळेपर्यंत ती गाडी फाटकाबाहेर काढूं नये. ती कोणती हें क्रमानें येईलच.

प्रथम, पेटींत परके भाग येतातच कसे, हा प्रश्न. घरचे लोक लगेच मिस्त्रीच्या प्रामाणिकपणावर शंका घेतात. माझ्या मतें हें बहुधा अन्यायाचें असतें. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. या तीस वर्षांत तिचें बाह्य रूप बदललें, एंजिनांत इंधन पुरविण्याची रीति बदलली. प्रथम चार गतींची असलेली गिअरपेटी पुढें पांच गतींचीहि मिळूं लागली. गाडीचें नांव तेंच राहिलें, पण पेट्या एकसारख्या राहिल्या नाहींत. उत्पादन बंद झालेल्या गाडीचा एखादा भाग कोरा मिळाला नाहीं, तर मिस्त्री नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांत विचारतो, मोडींत निघालेल्या गाडीची पेटी शोधतो, आणि दोन पेट्यांची एक करतो. आपल्याकडील जुन्या गाड्या चालू राहिल्या त्या याच कौशल्यावर. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरापर्यंत रस्त्यावर होत्या, आणि पद्मिनीचें उत्पादन तर या शतकाच्या आरंभींच बंद पडलें होतें. मधलीं वर्षें कोणी काढलीं, हें सांगावयास नको. तेव्हां परका भाग दिसला म्हणजे फसवणूक झाली असें नव्हे. तो भाग कोणता आणि तो तेथें कां आहे, एवढेंच विचारावयाचें.

भाग ओळखण्याचा माझा नियम साधा आहे. वस्तूचें नांव आधीं शोधूं नये. तिचा शेजारी आधीं शोधावा. गिअरपेटींतील प्रत्येक धातूचा तुकडा कशाला तरी घांसतो, कशांत तरी बसतो, किंवा कशाला तरी ढकलतो. आणि जेथें तो घांसतो तेथें तो चकाकतो. चकाकणारी जागा दंडगोल असेल तर तो कशाच्या तरी आंत फिरत होता. चकाकी एका चपट्या बाजूलाच असेल तर त्याच्यावर फिरणारें चाक टेकत होतें. फक्त दोन टोकें चकाकत असतील, तर तो तुकडा कोणाचा तरी धक्का पुढच्याला पोंचवीत होता. जेथें ओतकामाची खरखर तशीच आहे तेथें त्याला कोणी स्पर्श केलेला नाहीं. एवढें ध्यानांत ठेवलें तर साध्या भिंगानें पाहणारा गृहस्थसुद्धां अर्ध्याहून अधिक प्रश्न सोडवूं शकतो.

बाहेरच्या अंगापासून आरंभ करूं. दोन तारांचें बोंड बहुधा मागच्या दिव्याचा खटका असतो. गाडी मागें घेण्याचा गिअर पडला कीं आंतील एक भाग या खटक्याची कळ दाबतो आणि पाठीमागचा पांढरा दिवा लागतो. खात्री करण्यास एक लहान दिवा व बॅटरी पुरे. दोन टोकांना तारा लावून पेटी हातानें मागच्या गिअरमध्यें घालावी. दिवा लागला आणि गिअर काढतांच विझला, तर ओळख पटली. तटस्थ स्थितींत लागणारा खटका असेल तर तो दुसऱ्या कामाचा व बहुधा दुसऱ्या गाडीचा. दोहोंपैकीं कांहींहि असो, त्याला उपटून भोंक उघडें ठेवूं नये, कारण त्या भोंकांतून तेल जाईल.

भोंक नसलेला उंचवटा पाहून लोक घाबरतात, पण तो सर्वांत निरुपद्रवी. अल्युमिनिअमचें ओतीव कवच एकाच सांच्यांतून निरनिराळ्या गाड्यांसाठीं ओततात, आणि ज्या गाडीला जेथें बोल्ट हवा तेथेंच पुढें भोंक पाडतात. बाकीचे उंचवटे आंधळे राहतात. याच कारणासाठीं कवचावर उठावानें आलेल्या आंकड्यांवर फार विसंबूं नये. तो आंकडा बहुधा सांच्याचा असतो. त्यावरून पेटी कोणत्या कुळांतली तें कळेल, पण आंत किती दांत्यांचीं चाकें आहेत तें कळणार नाहीं. यंत्रावर कापलेल्या सपाट जागेवर मागाहून ठोकलेला क्रमांक असेल तर तो अधिक बोलका असतो.

रुपेरी रंगाविषयीं मात्र एक तक्रार केल्यावांचून राहवत नाहीं. पेटीच्या माथ्यावर सहसा एक टोपीसारखें बोंडूक किंवा वाकडी नळी असते. ती श्वासनलिका होय. पेटी तापली कीं आंतील हवा फुगते, आणि ती या वाटेनें बाहेर पडते. रंगाच्या हौसेपायीं ही नलिका बुजते. मग हवा तेलालाच बाहेर ढकलते, तेल शाफ्टच्या रबरी सीलमधून झिरपतें, आणि दोष येतो सीलला. दोनदां सील बदलूनहि गळती थांबत नसेल तर प्रथम ही टोपी पहावी. बोटानें फिरते काय, बारीक तारेनें मोकळी होते काय, हें पाहण्यास पांच मिनिटें लागतात.

वेगदर्शक काट्याची तार ज्या ठिकाणीं पेटीला लागते तेथें नायलॉनचें एक लहान दांतेरी चाक असतें. दुसऱ्या पेटीचें कवच आलें असेल तर हें चाकहि दुसरें येण्याचा संभव असतो. समजा, आपल्या गाडीला पंधरा दांत्यांचें चाक हवें आणि आलें सोळा दांत्यांचें. मग तार सोळाव्या हिश्श्यानें हळू फिरेल, आणि गाडी ताशीं ६४ किलोमीटर जात असतां काटा ६० दाखवील. गाडी बिघडलेली नसते, पण चालकाची समजूत बिघडते. जुनें चाक व नवें चाक शेजारीं ठेवून दांते मोजणें एवढाच यावर उपाय.

आतां आंतले भाग. पेटी बंद होऊन आल्यावर ते दिसणार नाहींत, म्हणून दुरुस्तीला देतांनाच मिस्त्रीला सांगून ठेवावें, कीं काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा आणि पेटी जोडण्यापूर्वीं एकदां बोलवावें. चांगला मिस्त्री याला कधीं नाहीं म्हणत नाहीं. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारें यंत्र असतें. त्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाहीं. चाकें शाफ्टवर असतांना एक, तीं काढल्यावर क्रमानें मांडून एक, आणि पुन्हां जोडल्यावर एक, अशीं तीन छायाचित्रें घ्यावींत.

पेटी उघडी पहावयास मिळाली तर दांते मोजावेत. हें काम मुलांना द्यावें. तीं चुकत नाहींत. ज्या लहान गाड्यांत एंजिन पुढच्या चाकांना ओढतें त्यांच्या पेटींत मुख्यतः दोन शाफ्ट शेजारीं शेजारीं असतात. एकावर एंजिनाकडून शक्ति येते, दुसऱ्यावरून ती चाकांकडे जाते, आणि प्रत्येक गतीसाठीं दोहोंवर मिळून चाकांची एक जोडी असते. दोन शाफ्टांमधील अंतर सर्व जोड्यांना एकच. त्यामुळें दांत्यांची जाडी सारखी असेल तर प्रत्येक जोडीच्या दांत्यांची बेरीजहि जवळजवळ सारखीच यावी लागते. उदाहरणादाखल, एका जोडींत १८ व ३७ दांते असले तर बेरीज ५५. दुसरींत २४ व ३१ असले तरी ५५. आतां कोणी ३१ च्या जागीं ३२ दांत्यांचें चाक बसवूं पाहील तर दांते एकमेकांत रुततील, शाफ्ट नीट फिरणार नाहीं, आणि चूक तेथेंच कळेल. खरी फसगत होते ती संपूर्ण जोडी दुसऱ्या पेटींतली आली म्हणजे. २५ व ३० यांची बेरीजहि ५५ च. जोडी बिनबोभाट बसेल, आवाज करणार नाहीं. पण पहिल्या जोडींत एंजिनाचे १.२९ फेरे झाले कीं शाफ्टचा एक फेरा होत होता, तो आतां १.२ फेऱ्यांतच होईल. सपाट रस्त्यावर हा फरक कोणाला जाणवणार नाहीं. घाट उतरतांना मात्र तिसरा गिअर गाडीला पूर्वीइतकी रोखून धरणार नाहीं, ब्रेकवरचा भार वाढेल, आणि चालक म्हणेल कीं दुरुस्तीनंतर गाडी "सुटल्यासारखी" वाटते.

सरळ दांत्यांचें एखादें चाक दिसलें तर तें परकें समजूं नये. पुढच्या गतींचे दांते तिरपे कापलेले असतात, कारण ते हळूहळू एकमेकांत शिरतात व आवाज कमी करतात. मागच्या गतीसाठीं पुष्कळ लहान गाड्यांत सरळ दांत्यांचें एक मधलें चाक शाफ्टवर सरकवून दोघांच्या मध्यें घालतात. गाडी मागें घेतांना ती कण्हल्यासारखी ऐकूं येते ती यामुळें. या चाकाच्या दांत्यांचीं टोकें एका बाजूला गोलसर घांसलेलीं असतात. ज्या बाजूनें तें दुसऱ्या चाकांत शिरतें ती ही बाजू. तें उलटें बसविलें तर मागचा गिअर प्रत्येक वेळीं खरखरेल.

बेअरिंगांच्या बाबतींत आपल्याला फार सोयीची एक गोष्ट आहे. त्यांच्या कडेवर कोरलेला क्रमांक सर्व जगांत एकाच पद्धतीचा असतो. ६२०५ हा क्रमांक घ्या. शेवटचे दोन आंकडे, म्हणजे ०५, पांचानें गुणले कीं आंतील भोंकाचा व्यास मिळतो: २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढें हा हिशेब बिनचूक लागतो. पहिला सहा हा बेअरिंगची जात सांगतो, दुसरा आंकडा त्याचा अंगलोट. ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर, तर ६३०५ चा ६२. भोंक दोघांचें एकच. उलट ६२०६ व ६३०५ हे दोघेहि बाहेरून ६२ मिलिमीटरचेच, पण एकाचें भोंक तीसचें व दुसऱ्याचें पंचवीसचें, आणि रुंदीहि १६ व १७ अशी निराळी. म्हणून "मापाला बसलें" या शब्दांवर समाधान मानूं नये. कोणत्या मापाला, तें विचारावें. क्रमांकाच्या पुढें 'एन' अक्षर असेल तर बाहेरच्या कडेला कडी बसविण्याची खांच आहे असें समजावें. 'सी-३' असेल तर आंत छर्ऱ्यांना नेहमींपेक्षां थोडी अधिक मोकळीक ठेवली आहे. जुन्या बेअरिंगवर खांच होती व नव्यावर ती नाहीं, तर शाफ्टला जागच्या जागीं धरून ठेवणारी कडी गेली कोठें, हा प्रश्न उभा राहतो. बेअरिंगें आपल्या चिंचवडलाहि बनतात, आणि बाजारांत नामांकित शिक्क्याचीं खोटींहि मिळतात. कोरलेले आंकडे पुसट वा वांकडे असले तर पावती मागावी.

आतां पुडी सोडूं.

पितळी कडें हें सिंक्रो रिंग या नांवानें प्रसिद्ध आहे. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाड्यांवर ही युक्ति प्रथम आली. त्यापूर्वीं गिअर बदलतांना चालकाला क्लच दोनदां दाबून दोन चाकांचे वेग अंदाजानें जुळवावे लागत. हें कडें आंतून निमुळतें असतें व त्या निमुळत्या भागावर बारीक रेषा असतात. फिरत्या चाकाच्या शंकूवर तें दाबलें गेलें कीं त्या रेषा मधलें तेल कापून टाकतात, घर्षणानें दोघांचे वेग सारखे होतात, आणि मग दांते न खरखरतां जुळतात. पुडींतील कड्याच्या आंत या रेषा गुळगुळीत झाल्या असतील आणि बाहेरच्या टोंकदार दांत्यांचीं टोकें बोथट असतील, तर तें जुनेंच आहे. तें पुडींत आलें ही आनंदाची गोष्ट, कारण त्याच्या जागीं नवें बसलें असा तो पुरावा. अधिक खात्री हवी असेल तर जुनें कडें त्याच्या चाकाच्या शंकूवर दाबून दोहोंमधील फट पात्यांच्या मापानें, म्हणजे फिलर गेजनें, पहावी. नवें असतां ही फट सहज दिसते. लहान गाड्यांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आंत आली म्हणजे कड्याचें आयुष्य संपलें असें मानतात. पण कड्यावरच्या रेषा तीक्ष्ण असतील आणि तें कोरें दिसत असेल, तर दोन शक्यता उरतात. दुरुस्तीचा संच दुसऱ्या प्रकारच्या पेटीसाठीं असल्यामुळें एक कडें जास्त आलें. किंवा आंत एका गतीला जुनेंच कडें राहिलें. पहिली गोष्ट संचाच्या खोक्यावरील क्रमांकावरून ताबडतोब ठरते.

पातळ चकतीला मिस्त्री वायसर म्हणतील. तिला एका बाजूनें फिरत्या चाकाचा दाब येत असेल तर त्या बाजूला गोल चकाकती वाट पडलेली असते. आणि त्याच बाजूला तेलासाठीं खांचा असतात. अशा चकतीला बहुधा एक कानहि असतो, तो कवचाच्या खांचेंत अडकून तिला फिरूं देत नाहीं. जुनी, वाट पडलेली चकती पुडींत आली तर ठीकच. परंतु तिच्यावर कसलीच खूण नसेल, कान नसेल, आणि ती वहीच्या पुठ्ठ्यासारखी सर्वत्र सारखी असेल, तर ती शीम होय. शाफ्टची पुढेंमागें होणारी चाल किती ठेवावयाची तें ठरविण्यासाठीं मिस्त्री निरनिराळ्या जाडीच्या शीम लावून पाहतो, आणि त्यांपैकीं एखादी उरणें अगदीं स्वाभाविक आहे. मात्र त्याला एवढें विचारावें: जुन्या शीमची जाडी काय भरली आणि नवी कितीची घातली? ज्याच्याजवळ या प्रश्नाचें आंकड्यांत उत्तर आहे त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. ज्यानें मायक्रोमीटर न लावतां नजरेनें जाडी ठरविली त्याच्या पेटींत बेअरिंगें एकतर आवळून तापतील, नाहींतर सैल राहून चाकें मागेंपुढें सरकतील, आणि तिसरा गिअर पुन्हां सुटेल.

राहिली काडी. ती तळहातावर घेऊन खिडकीशीं जावें आणि तिचीं टोकें पहावीं, कारण या काडीच्या तीन जाती आहेत. पहिली पोकळ असते. पोलादी पत्रा गुंडाळून केलेली, लांबीभर एक चीर असलेली. ही स्प्रिंग पिन. गिअर बदलणारा फोर्क ज्या दंडावर बसतो त्या दंडाला ती फोर्क जखडून ठेवते. पेटी उघडतांना ती ठोकून काढतात आणि जोडतांना नवी घालतात, म्हणून जुनी पुडींत येणें रास्त आहे. जितक्या जुन्या आल्या तितक्या नव्या पावतीवर आहेत काय, एवढें मोजावें.

दुसरी भरीव, सुईसारखी सरळ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आरशासारखी चकचकीत. ती सुई-बेअरिंगमधली सुई. ज्या बेअरिंगांत सुया सुट्या भरलेल्या असतात त्यांत वंगणानें चिकटवून त्या एकेक उभ्या कराव्या लागतात, आणि एखादी निसटून टेबलाखालीं जाते. जुन्या बेअरिंगच्या सगळ्या सुया पुडींत असतील तर चिंता नाहीं. एकटीच असेल तर ती आली कोठून?

तिसरीहि भरीव, पण तिचीं टोकें घुमटासारखीं गोलावलेलीं, आणि चकाकी मुख्यतः टोकांना. ही सर्वांत लहान, आणि हिच्याचसाठीं हें सारें भाषण. पुष्कळ पेट्यांत फोर्कांचे तीन दंड एकमेकांना समांतर असतात: एक पहिल्या-दुसऱ्या गतीचा, एक तिसऱ्या-चौथ्या गतीचा, एक मागच्या गतीचा. एका वेळीं एकच दंड हलावा, अशी सोय केलेली असते. दंडांच्या मध्यें छर्रे असतात, दंडांना बाजूनें खांचा असतात, आणि मधल्या दंडाच्या आरपार एका भोंकांत ही काडी सैल बसलेली असते. कडेचा दंड सरकला कीं तो छर्ऱ्याला मधल्या दंडाच्या खांचेंत ढकलतो. छर्रा काडीला, काडी पलीकडच्या छर्ऱ्याला, आणि तो छर्रा तिसऱ्या दंडाच्या खांचेंत बसून त्यालाहि कुलूप घालतो. काडी नसली तर ही साखळी मध्येंच तुटते. मधला दंड अडतो, पण दोन्ही कडेचे दंड एकाच वेळीं हलूं शकतात.

नेहमींच्या चालण्यांत हें कळत नाहीं, कारण गिअरचा दांडा एका वेळीं एकाच दंडाला पकडतो. महिनेच्या महिने गाडी उत्तम चालेल. पुढें जोडकामांत ढिलाई आली, किंवा एक दंड पुरता परत न येतां अर्ध्या वाटेवर राहिला, कीं एखाद्या दिवशीं दोन गिअर एकदम पडतात. दोन निराळ्या गतींना एकच शाफ्ट एकाच वेळीं फिरवितां येत नाहीं. पेटी जागच्या जागीं आवळली जाते. मारुती ८०० सारख्या गाडींत पुढचीं चाकें ओढणारीं असतात, म्हणजे आवळलीं जातात तींहि तींच. आणि आवळलेल्या पुढच्या चाकांना सुकाणू फिरवून वळवितां येत नाहीं. सिंहगडाच्या घाटांतील वळणावर याचा अर्थ काय होतो, हें त्या रस्त्यानें गेलेल्यांना सांगावयास नको.

सर्वच पेट्यांत ही काडी असते असें नाहीं. कांहींत हेंच काम निवडीच्या शाफ्टवरील एक पत्र्याचा तुकडा करतो, कांहींत नुसते छर्रे. आपल्या पेटींत काय आहे तें गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकांतील, सर्व भाग ओळीनें सुटे करून दाखविलेल्या चित्रांत पहावें. त्या चित्रांत काडी असेल, आणि आपल्या पुडींतहि एक असेल, आणि नवी घातल्याची पावती नसेल, तर मिस्त्रीला कवच पुन्हां उघडावयास सांगावें. तो रागावेल. दोन कवचांमधला सीलचा लेप खरडून पुन्हां लावावा लागेल, दिवस मोडेल, मजुरी मागितली तर ती द्यावी. उघडल्यावर त्याच्यासमोरच एक परीक्षा करावी: एक दंड गतींत घालावा आणि बाकीचे दोन हातानें ढकलून पहावेत. एकहि हलतां कामा नये. मग पहिला परत आणून दुसरा घालावा, नंतर तिसरा. तिन्ही वेळां हेंच.

पेटी उघडलीच आहे तर दंडांच्या डोक्यावरील छर्रे व त्यांच्या स्प्रिंगाहि पाहून घ्याव्या. प्रत्येक गति आपल्या खांचेंत टिकून राहते ती यांच्या दाबानें. या स्प्रिंगा दिसावयास सारख्या असल्या तरी कित्येक पेट्यांत त्यांची लांबी निरनिराळी असते, आणि त्यांची अदलाबदल झाली तर एखादा गिअर घालावयास जड होतो व दुसरा आपोआप सुटतो. तिसऱ्या गिअरची मूळ तक्रार कधीं कधीं एवढ्याशा स्प्रिंगेंतूनच निघालेली असते. व्हर्निअर लावून तिन्हींची लांबी कागदावर टिपून ठेवावी.

तेलाविषयीं थोडें. 'जी-एल-५' प्रतीचें तेल अधिक चांगलें समजून कोणी आग्रहानें घालतात. तें मुख्यतः मागच्या आंसाच्या जड दांत्यांसाठीं केलेलें असतें. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळी कड्यांना बाधक ठरूं शकतात, आणि तेल फार निसरडें असलें तर कडें शंकूला नीट पकडत नाहीं. निर्मात्यानें 'जी-एल-४' सांगितलें असेल तर तेंच घालावें. तें बाजूच्या बुचाच्या भोंकापर्यंत येईल इतकेंच, आणि गाडी सपाट जागीं उभी असतांना.

पहिली फेरी घाटांत नेऊं नये. धायरीहून खडकवासल्याच्या बाजूला सकाळीं लवकर, रस्ता मोकळा असतांना जावें. प्रत्येक गति चढतां व उतरतां दोन्ही प्रकारें घालून पहावी. तिसऱ्या गिअरमध्यें वेग घेऊन पाय एकदम उचलावा, आणि दांडा हातांत न धरतां तो जागीं राहतो काय तें पहावें. परत आल्यावर गाडीखालीं वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवावें. सकाळीं कागदावर थेंब असेल तर तो कोणत्या सीलखालीं आहे त्याची खूण करावी. पांचएकशें किलोमीटरनंतर तेल काढून बुचाचें चुंबक पुसावें. त्यावर पिठासारखी करडी भुकटी असणें चालतें, पण टोचणारा कण सांपडला तर तो पुडींतल्या वस्तूंच्या शेजारीं ठेवून कोणाशीं जुळतो तें पहावें. म्हणून ती पुडी, वर तारीख व किलोमीटरचा आंकडा लिहून, तोंपर्यंत गाडींतच राहूं द्यावी.